सोबत कोण होतं, ते विचारा

आशियाई समकालीन कलेच्या प्रदर्शनाला जायचं ठरलं की बहुतेक जण तारखा बघतात त्या प्रदर्शनाच्या. उद्घाटन कधी, शेवटचा दिवस कोणता, तिकीट किती. पाहुण्या कलाकारांची व्याख्यानं, खुले स्टुडिओ, रेसिडेन्सी हा मजकूर पत्रिकेच्या मागच्या पानावर बारीक टायपात असतो आणि न वाचताच राहतो. माझा सल्ला उलटा आहे. आधी मागचं पान वाचा आणि जायची तारीख त्यावरून ठरवा. भिंतीवरचं काम आठवडाभर पुढे-मागे बघितलं तरी तेच असतं, कलाकार मात्र ठरलेल्या तारखेला निघून जातो. हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: ज्यांना नीट ऐकायचं आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांना स्वतः अर्ज करून जायचं आहे त्यांच्यासाठी. एकच माणूस आज पहिला आणि उद्या दुसरा असू शकतो, म्हणून दोन्ही एकत्र.

उदाहरण घेऊ फुकुओकाचं. जपानच्या क्यूशू बेटावरचं हे शहर टोकियोपेक्षा सोलला जवळ आहे, आणि आशियाकडे बघायची त्याची सवय तशी जुनी आहे. १९७९ मध्ये तिथल्या ओहोरी उद्यानात फुकुओका आर्ट म्युझियम उघडलं, तेव्हा उद्घाटनालाच आशियाई कलेचं प्रदर्शन भरवलं होतं. त्याच्या पहिल्या भागात भारत, चीन आणि जपान हे तीन देश होते. हेच काम वाढत गेलं आणि मार्च १९९९ मध्ये फुकुओका एशियन आर्ट म्युझियम हे वेगळं संग्रहालय सुरू झालं. ते हाकाता रिव्हरेन नावाच्या इमारतीच्या सातव्या-आठव्या मजल्यावर आहे. खाली दुकानं, पायाशी भुयारी रेल्वेचं नाकासू-कावाबाता स्टेशन, शेजारी कावाबाताची छप्पर घातलेली जुनी बाजारगल्ली आणि तिच्या टोकाला कुशिदा मंदिर. बुधवारी संग्रहालय बंद असतं, हे प्रवास आखताना लक्षात ठेवा.

त्याच १९९९ मध्ये तिथं पहिली आशियाई त्रैवार्षिकी भरली. मग २००२, २००५, २००९ आणि २०१४. पाच झाल्या आणि पुढे ती भरलेली नाही. पण संग्रहालयाबरोबर सुरू झालेली रेसिडेन्सी, म्हणजे कलाकारांनी तिथं राहून काम करायची सोय, चालूच राहिली. कलाकारांबरोबर संशोधक आणि क्युरेटरही तिथं राहायला येत आले आहेत. २०२२ मध्ये शहराने माइझुरू भागातल्या एका बंद पडलेल्या शाळेच्या आवारात ‘आर्टिस्ट कॅफे फुकुओका’ सुरू केलं, त्यामुळे कामाला आणि भेटीगाठींना आणखी एक जागा झाली. मोठं प्रदर्शन थांबलं तरी माणसं येऊन राहण्याची सोय टिकली, ही गोष्ट माझ्या मते पुरेशी बोलकी आहे. तुम्ही नजर ठेवायची ती त्रैवार्षिकीच्या घोषणेवर नाही, तिथं वर्षभर कोण येऊन राहतंय त्यावर.

राहण्यानं काय होतं? मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या नलिनी मालानी १९९९–२००० च्या सुमारास या रेसिडेन्सीत होत्या. तिथं त्यांनी ‘हॅम्लेटमशीन’ हे व्हिडिओ मांडणशिल्प केलं. मूळ नाटक जर्मन, हायनर म्यूलर यांचं. त्यातली अस्वस्थता १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या भारताची. आणि पडद्यावर दिसणारं शरीर हाराडा नोबुओ या जपानी बुतो नर्तकाचं. प्रक्षेपण भिंतींवर होतं, आणि एक खाली, जमिनीवर पसरलेल्या मिठावर. मुंबईतल्या आपल्या स्टुडिओत बसून हे काम असंच झालं नसतं, कारण तिथं हाराडा नव्हते. पुढे २०१३ मध्ये मालानींना फुकुओका शहराच्या पुरस्कारांपैकी कला आणि संस्कृतीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे नातं एका प्रकल्पापुरतं राहिलं नाही.

पहिल्याच त्रैवार्षिकीत मुंबईच्याच नवज्योत अल्ताफ होत्या. बस्तरमधल्या कोंडागावच्या कारागीर-कलाकारांबरोबर त्या वर्षानुवर्षं काम करत आल्या आहेत. गावातल्या हातपंपांभोवतीच्या ‘नलपार’ या जागा त्यांनी मिळून बांधल्या, तिथं पाणी भरणाऱ्या बायकांना हंडा टेकवायला आधार मिळतो. अशा कामाखाली एकच नाव छापलं तर ते अर्धंच खरं असतं. २००२ च्या दुसऱ्या त्रैवार्षिकीचं सूत्रच हातानं करण्याची आणि मिळून करण्याची कामं असं होतं. म्हणून व्याख्यानाला बसलात किंवा अर्ज लिहायला बसलात, दोन्ही वेळी विचारायचा प्रश्न एकच: सोबत कोण होतं?

ऐकायला जाताना

व्याख्यानाच्या आधी काम बघून घ्या, नंतर नाही. ऐकून मग बघितलं की कलाकारानं सांगितलं तेवढंच दिसतं. आधी बघितलं तर तुमच्याकडे स्वतःचे दोन-तीन अडलेले प्रश्न असतात. वेळ कमी असेल तर सगळी दालनं पालथी घालू नका, जो बोलणार आहे त्याच्या कामासमोर अर्धा तास बसा. कामाखालची पट्टी शेवटपर्यंत वाचा. साहित्य, वर्ष, मापं यांच्या खाली कधी कधी एक ओळ असते: अमुक गावच्या विणकरांच्या सहकार्यानं, तमुक शाळेतल्या मुलांसह. ती ओळ वहीत उतरवा. हाँगकाँगचं एशिया आर्ट आर्काइव्ह २००० पासून आशियाई कलेचे कागदपत्र जमवतं आणि त्यातलं बरंच घरबसल्या वाचता येतं. गीता कपूर आणि विवान सुंदरम यांचा संग्रह त्यांनीच डिजिटल केला आहे. तासभर तिथं चाळलंत तर व्याख्यानातली निम्मी नावं ओळखीची होतात.

जपान, कोरिया, तैवानमधली व्याख्यानं बहुधा दुभाष्यासह होतात. कलाकार दोन वाक्यं बोलणार, थांबणार, मग दुभाषी बोलणार. म्हणजे तासाभराच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष बोलणं अर्ध्या तासाचंच. इंग्रजी दुभाषी आहे का हे आधी ईमेलनं विचारून ठेवा, कारण पुष्कळ कार्यक्रम फक्त स्थानिक भाषेत असतात आणि पत्रकावर तसं ठळक लिहिलेलं नसतं. बसायला पडदा आणि दुभाषी दोन्ही दिसतील अशी कडेची जागा धरा. प्रश्न विचारताना एका वाक्यात एकच गोष्ट. आपल्याकडे प्रश्नाआधी स्वतःचं छोटेखानी भाषण करायची जी पद्धत आहे, ती दुभाष्याच्या जिवावर उठते आणि पुढच्या दोघांची वेळ खाते. (पुण्यातल्या व्याख्यानांना नेहमी जाणाऱ्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.)

काय विचारावं? ‘या कामाचा अर्थ काय’ हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर कलाकारानं शंभरदा दिलेलं असतं आणि तेच पुन्हा मिळतं. कसं झालं ते विचारा. ‘हॅम्लेटमशीन’सारखं काम असेल तर मीठ कुठून आणलं, किती लागलं, प्रदर्शन संपल्यावर त्याचं काय झालं. नर्तकाला आधी काय दाखवलं, संहिता की चित्रं. त्यानं नकार दिला अशी एखादी जागा होती का. इथं आल्यावर मूळ बेतातलं काय सोडून द्यावं लागलं. या प्रश्नांना ठरीव उत्तरं नसतात, आणि कलाकारही सावरून बसतो. मग आपोआप माणसांची नावं यायला लागतात: लाकूड कापून देणारा सुतार, शाळेतल्या बाई, अनुवाद करणारी विद्यार्थिनी. ती नावं टिपा.

व्याख्यानापेक्षाही मी खुल्या स्टुडिओला जास्त मान देतो. रेसिडेन्सीच्या शेवटी कलाकार आपली खोली एक-दोन दिवस लोकांना उघडी ठेवतो. तिथं फसलेले नमुने, बाजारातून आणलेल्या वस्तू, भिंतीला चिकटवलेल्या चिठ्ठ्या असतात. फोटो काढायच्या आधी विचारा. अपुरं काम समाजमाध्यमांवर टाकणं अनेकांना आवडत नाही, आणि त्यांचं ते बरोबरच आहे.

हे सगळं करायला फुकुओकाच गाठायला हवं असं नाही. कोची-मुझिरीस बिएनाले १२ डिसेंबर २०१२ ला सुरू झाली. तिचे संस्थापक बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू, दोघंही जे. जे.चे विद्यार्थी. डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या सहाव्या आवृत्तीची जबाबदारी निखिल चोप्रा आणि गोव्यातल्या एचएच आर्ट स्पेसेस या कलाकारांच्या गटाकडे दिली गेली. बिएनाले फक्त आशियाची नाही, पण सरावाला तिच्याइतकी जवळची जागा दुसरी नाही. कोकण रेल्वेनं एर्नाकुलम, तिथून बोटीनं फोर्ट कोची. व्याख्यानं भरपूर असतात आणि विद्यार्थ्यांची वेगळी बिएनालेही असते. तिथल्या पेपर हाउसमध्ये बिएनालेच्या संस्थेची रेसिडेन्सी चालत आली आहे. दोन-तीन दिवस काढून जा. उद्घाटनाच्या आठवड्यात गर्दी फार आणि बरीच कामं अर्धवट लागलेली असतात. जानेवारीत गेलात तर शांतपणे ऐकता येतं.

अर्ज करताना

पहिला अर्ज परदेशी करू नका. दिल्लीचं खोज १९९७ मध्ये मोदीनगरच्या कार्यशाळेतून सुरू झालं. नुकतंच शिक्षण संपवलेल्यांसाठी त्यांची ‘पीअर्स’ ही रेसिडेन्सी आहे. खोज ज्या ट्रँगल नेटवर्क या कलाकारांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून आलं त्यातूनच कराचीचं वसल, ढाक्याचं ब्रिटो, कोलंबोचं थीर्था उभं राहिलं. या संस्था एकमेकींना ओळखतात, त्यामुळे एका ठिकाणी नीट राहिलात तर दुसरीकडे तुमच्याबद्दल विचारणा होते. मुंबईत बोरिवलीला श्रेयस कर्ले आणि हेमाली भुता यांनी २०१२ मध्ये कोना सुरू केलं, तेही कलाकारांनी कलाकारांसाठी. अशा जागी चार माणसांत राहून काम करता येतं का, याची आधी स्वतःपुरती खात्री करून घ्या. काहींना येत नाही. त्यात कमीपणा नाही, पण ते परदेशात गेल्यावर कळणं महागात पडतं.

जाहिरात वाचताना सगळ्यात आधी पैशाची ओळ शोधा. विमानाचं तिकीट कोण देणार, राहणं कोणाकडे, साहित्याला वेगळे पैसे आहेत का, रोजचा भत्ता किती. ‘निवड झालेल्या कलाकारांनी शुल्क भरायचे आहे’ असं असेल तर तो महागडा होमस्टे समजा, आणि तसंच जायचं असेल तर खुशाल जा, पण बायोडेटाचं त्यानं वजन वाढेल असं धरून चालू नका. नुसत्या अर्जालाच भरमसाट फी मागणाऱ्यांकडे मी तरी वळणार नाही. जपान, कोरिया, तैवानमधल्या बऱ्याच रेसिडेन्सी नगरपालिका, प्रांत किंवा सरकारी संग्रहालयं चालवतात. त्यांच्याकडे झगमगाट कमी आणि हिशेब चोख असतो.

प्रस्ताव एका पानाचा पुरतो. ‘दोन संस्कृतींमधला सेतू’, ‘स्मृती आणि ओळख यांचा शोध’ असली वाक्यं निवड समितीनं त्या दिवशी चाळीसदा वाचलेली असतात. त्याऐवजी लिहा: मला कावाबाताच्या बाजारगल्लीत दुकान बंद करायच्या वेळी शटरचे आवाज रेकॉर्ड करायचे आहेत, त्यासाठी पाच-सहा दुकानदारांशी बोलावं लागेल, बोलायला दुभाषी लागेल, आणि शेवटी ते आवाज त्याच गल्लीत ऐकवायचे आहेत. एवढ्यात जागा, माणसं, मदत आणि शेवट चारही गोष्टी आल्या. समितीला हेच हवं असतं, कारण तुम्हाला कोणाकडे न्यायचं हे तिला लगेच दिसतं. जुलैत जाणार असाल तर पहिल्या पंधरा दिवसांत तिथं गिओन यामाकासा हा मोठा उत्सव असतो आणि आजूबाजूची माणसं त्यात गुंतलेली असतात. ते माहीत असल्याचं प्रस्तावात दिसलं तर चांगलंच.

कामाची दहा-पंधरा छायाचित्रं पाठवा, प्रत्येकाखाली वर्ष, साहित्य, मापं. व्हिडिओ असेल तर तीन मिनिटांचा तुकडा वेगळा काढा. समितीतलं कोणीही बावीस मिनिटं बघत बसत नाही. शिफारसपत्र नामवंताकडून घेण्यापेक्षा ज्यानं तुमच्याबरोबर प्रत्यक्ष काम केलंय त्याच्याकडून घ्या.

निवड झाल्यावर करार येतो. इथं घाई करू नका. २००१ मध्ये जनगढसिंह श्याम हे मध्य प्रदेशातले मोठे परधान गोंड चित्रकार जपानच्या निगाता प्रांतातल्या मिथिला म्युझियममध्ये निवासी कलाकार असताना मरण पावले. त्यांनी आत्महत्या केल्याचं सांगितलं गेलं. त्यांनी घरी परतायची इच्छा व्यक्त केली होती, मुक्काम मात्र लांबला होता. त्या मृत्यूनंतर आपल्याकडच्या कलाकारांनी करार, मोबदला आणि मुक्काम लांबवण्याच्या पद्धतीवर जाहीर प्रश्न उभे केले. त्याच म्युझियमनं आपल्या डहाणूच्या वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंसह अनेक लोककलाकारांना बोलावलं होतं, हेही खरं. म्हणून आजही गावाकडून एकट्यानं जाणाऱ्या कलाकाराच्या करारात काही गोष्टी लेखी हव्यातच. पासपोर्ट स्वतःजवळ राहील. परतीची तारीख ठरलेली असेल, आणि लवकर परतायचं झालं तर तिकीट बदलायचा खर्च कोणाचा ते लिहिलेलं असेल. तिथं केलेली चित्रं कोणाची? सगळी संस्थेची, की एखादंच? छापायचे हक्क कोणाकडे? आजारपणाचा विमा कोण काढणार? करार कळत नसेल तर कळणाऱ्या भाषेत मागा. आणि रोज बोलता येईल असा एक तरी माणूस तिकडे कोण, हे नावानिशी विचारा. महिनोन्महिने आपल्या भाषेत कोणी बोलायला नसणं ही छोटी बाब नाही.

सामानाचं आधीच बघा. वारली चित्रकाराला वाटतं की शेण, माती, गेरू, तांदळाचं पीठ घेऊन जावं. जपानमध्ये बाहेरची माती आणता येत नाही, ऑस्ट्रेलियातले नियम त्याहून कडक आहेत, आणि शेणाचं तर बोलायलाच नको. विमानतळावर पिशवी जप्त होते आणि कलाकार बिचारा पहिल्याच दिवशी गुन्हेगारासारखा उभा राहतो. साहित्याची यादी यजमानांना पाठवा, तिकडे काय मिळेल ते विचारा, आणि सरावासाठी घरीच ॲक्रिलिक आणि कापडावर दोन चित्रं करून बघा. तयार कामं दाखवायला नेऊन परत आणायची असतील तर एटीए कार्ने हा कागद काढावा लागतो, म्हणजे सीमाशुल्क लागत नाही. भारतात तो फिक्कीकडून मिळतो. व्हिसा कोणत्या प्रकारचा, हे स्वतः ठरवू नका. यजमानांचं निमंत्रणपत्र घेऊन वकिलातीकडून खात्री करा. मानधन घेणार आणि पर्यटक म्हणून जाणार, हे जमत नाही.

जेवणाचंही सांगतो, कारण त्यावर कोणी लिहीत नाही. हाकाताचं प्रसिद्ध रामेन डुकराच्या हाडांच्या रश्शातलं असतं, आणि शाकाहारी दिसणाऱ्या बहुतेक पदार्थांतही दाशी नावाचं माशाचं सार असतं. मुक्कामाच्या खोलीत शेगडी आहे का, एवढं विचारून घ्या. मेतकूट, डाळी, मसाले बंद पाकिटात न्या, आधी नियम बघून.

बोलायची वेळ तुमच्यावर आली तर

रेसिडेन्सीत एकदा तरी व्याख्यान द्यावंच लागतं. वीस मिनिटं, पंधरा चित्रं, त्याहून जास्त नको. बोलणार ते लिहून तीन-चार दिवस आधी दुभाष्याला द्या आणि अडणाऱ्या शब्दांची वेगळी यादी जोडा: वारी, चौक, पाट, ओटी, गावदेव. सभागृहात पहिल्यांदाच ऐकलेल्या शब्दाला दुभाषी काय करणार, गाळून टाकतो.

लोककलाकारांना वेगळं सांगायला हवं. शहरी चित्रकाराचं ‘व्याख्यान’ ठेवतात आणि वारली किंवा गोंड चित्रकाराचं ‘प्रात्यक्षिक’. तो भिंतीवर चित्र काढणार आणि त्याच्याबद्दल माइकवर बोलणार दुसराच कोणीतरी. ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. जिव्या सोमा मशे २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश शिल्पकाराच्या जोडीनं प्रदर्शनात होते, बरोबरीनं. कार्यक्रम ठरतानाच सांगा: आधी मी माझ्या भाषेत बोलेन, प्रश्न घेईन, मग हवं तर काढून दाखवेन. यजमान बहुधा आनंदानं मान्य करतात, त्यांच्या ते लक्षातच आलेलं नसतं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडला याची उलट बाजूही बघायला मिळाली आहे. २०१३ पासून वॉल आर्ट फेस्टिव्हलच्या निमित्तानं जपानी कलाकार तिथं येऊन राहिले आणि त्यांनी शाळेच्या भिंती रंगवल्या. तिथं पाहुणे ते होते आणि घरचं जेवण, भाषा, माणसं आपली. जपानला निघालेल्या तरुण वारली चित्रकारानं आधी गंजाडच्या माणसांशी बोलून घ्यावं. जपानी कलाकारांचं काम चालतं कसं, ते त्यांनी जवळून पाहिलं आहे.

निघायच्या आठवड्यात तीन कामं उरकून घ्या. मदत करणाऱ्या प्रत्येकाचं नाव, त्यांच्याच अक्षरात, वहीत लिहून घ्या आणि कामाखालच्या पट्टीवर ती नावं छापायला लावा. तिथंच ठेवलेल्या चित्रांची यादी दोघांच्या सह्यांनी करा. आणि मानधनातून कर कापला असेल तर त्याचा दाखला मागा. जपानमध्ये अनिवासी व्यक्तीच्या अशा मानधनातून साधारणपणे २०.४२ टक्के कापले जातात. दोन देशांतल्या करारानुसार त्यात काही सवलत बसते का, हे पैसे हातात येण्याआधीच यजमानांच्या हिशेबनिसाला विचारायचं असतं. भारतात विवरणपत्र भरताना हा दाखला लागतो, आणि घरी आल्यावर तो ईमेलनं मिळवायचा म्हणजे महिने जातात.